फुटाला एक सूत

अंगणात पाणी तुंबतं म्हणून स्वतःच पाईप टाकायचा बेत केला, की बहुतेक जण घराच्या भिंतीपासून खणायला घेतात. फाटकापाशी पोचल्यावर कळतं, की आपला चर बाहेरच्या पावसाळी गटाराच्या तळापेक्षाही खाली गेलाय. मग शेवटच्या दहा फुटांत पाईप वर उचलला जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथं गाळाचं बूच बसतं. हा हिशेब उलट्या टोकाने करायचा असतो. पाणी जिथे सोडायचं, त्या जागेची उंची आधी मोजायची. ती आपल्या हातात नसते, बाकी सगळं तिच्यावरून ठरतं.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडची लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, पुरते. एक टोक घराच्या जोत्याला, दुसरं फाटकाला धरायचं. नळी मध्ये कढीपत्त्याला वळसा घालून गेली तरी हरकत नाही. सलग पाण्यात एकाच पातळीवर दाब सारखा असतो, त्यामुळे दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं. अट एकच: आत हवेचा बुडबुडा नको. उभ्या भागात बुडबुडा अडकला, की त्या बाजूचा स्तंभ हलका होतो, तिकडचं पाणी जरा वर उभं राहतं आणि सगळ्या खुणा चुकतात. म्हणून नळी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसरीकडून पाणी ओढून घ्यावं आणि बोटाने टिचक्या मारत बुडबुडे बाहेर काढावेत.

आता उतार. आपल्याकडचे मिस्त्री तो सुतात सांगतात, आणि मला ही पद्धत टक्क्यांपेक्षा जास्त पटते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पावसाच्या पाण्याला फुटामागे एक सूत, संडास-मोरीच्या लाईनला दोन. एका फुटात 96 सूत बसतात, म्हणजे हे उतार झाले 96 ला 1 आणि 48 ला 1. अभियंते घरगुती मैलापाईपला साधारण 40 ते 60 ला 1 उतार देतात. मिस्त्रीचे दोन सूत बरोबर त्याच पट्ट्यात पडतात.

समजा भिंतीपासून फाटकापर्यंत 60 फूट आहेत आणि पावसाळी गटाराचा चेंबर तुमच्या पाईपचा तळ अंगणाच्या पातळीपासून 18 इंच खाली घेऊ शकतो. उतार 60 सूत, म्हणजे साडेसात इंच. तेव्हा भिंतीपाशी पाईपचा तळ साडेदहा इंच खाली हवा. 110 मिलिमीटरचा पाईप सव्वाचार इंचांचा, म्हणजे त्याच्या डोक्यावर जेमतेम सहा इंच माती उरते. बागेत चालेल. त्यावरून गाडी जाणार असेल तर वर काँक्रीट हवं.

उताराची एवढी चिकाटी कशासाठी? आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याने 1889 साली मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे. त्यानुसार पाण्याचा वेग उताराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. उतार चौपट केला तर वेग फक्त दुप्पट होतो. उलट, उतार कमी होत गेला की वेगही पडतो, आणि वाळू-गाळ वाहता ठेवायला सेकंदाला साधारण 0.6 मीटर वेग लागतो. त्याखाली गाळ बसू लागतो.

पाईप किती मोठा, याची काळजी मात्र लोक नको तितकी करतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. वळवाच्या दणक्यात तासाला 50 मिलिमीटर वेगाने कोसळला, तरी सेकंदाला सव्वा लिटरच्या आसपास पाणी येतं. 110 चा पाईप फुटाला एक सूत उतारावर सेकंदाला पाच-सहा लिटर नेतो. इथे 160 चा घेऊन काही साधत नाही, चर तेवढा दोन इंच खोल जातो आणि मोजून ठेवलेली उंची वाया जाते.

गटाराऐवजी पाणी जमिनीतच मुरवायला शोषखड्डा करावा की नाही, हे मात्र जमिनीला विचारावं लागतं. पुण्याखाली बेसाल्टचा कातळ आहे आणि टेकड्यांच्या उतारावर तो हाताच्या अंतरावर लागतो. वर मुरूम असेल तर पाणी भराभर मुरतं, पण खाली कातळ लागला की आडवं सरकून खालच्या शेजाऱ्याच्या भिंतीतून निघतं. काळ्या मातीची तऱ्हा वेगळी. तिच्या सूक्ष्म पत्र्यांसारख्या थरांमध्ये पाणी शिरून ती फुगते आणि मग पुढचं पाणी आत घेतच नाही. फूटभर खोल खड्डा करून आदल्या दिवशी भिजवून ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. संध्याकाळपर्यंत पाणी तसंच असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. मुरत असेल तरी खड्डा घराच्या पायापासून दहा-पंधरा फूट लांब घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाईपला हलवते, म्हणून तिथे सॉल्व्हंटने चिकटवलेल्या जोडापेक्षा रबर रिंगचा जोड बरा; तो थोडं इकडेतिकडे होणं सोसतो.

लॉनमधलं पाणी गोळा करायला खाली खडीत भोकांचा पाईप टाकणार असाल तर भोकं खाली करा. हे कुणाला पटत नाही, पण खडीत पाणी तळापासून वर चढतं. भोकं वर ठेवली तर पाईपच्या डोक्यापर्यंत पाणी चढल्याशिवाय ते आत शिरणारच नाही.

उताराच्याच जोरावर पाणी खेळवण्याची पुण्याची परंपरा जुनी आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत भुयारी नळाने पाणी आलं, तेही पंपाशिवाय. त्या नळावर ठिकठिकाणी आत उतरायला उच्छ्वास नावाची उभी तोंडं बांधली होती, कारण गाळ कितीही टाळला तरी येतो. आपल्या अंगणातही प्रत्येक वळणावर चेंबर हवा. त्यातला बाहेर जाणारा पाईप तळापासून सहा इंच वर ठेवला, की माती खाली बसते आणि पाणी वरून निघून जातं. तळाला दोन-चार भोकं ठेवावीत, नाहीतर तिथे डासांची पैदास होते. आणि हा पाईप ड्रेनेजला, म्हणजे मैलालाईनीला, जोडायचा मोह आवरा. पावसाचं पाणी मैलालाईनीत शिरलं, की ती भरून उलटी येते, आणि सर्वांत खालच्या मजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून वर निघते.

पाईप टाकायलाही फाटकाकडूनच सुरुवात. सॉकेटचं, म्हणजे पाईपच्या फुगीर टोकाचं, तोंड चढाकडे, म्हणजे येणारं पाणी जोडाच्या फटीवर आदळत नाही. खाली चाळलेली वाळू, सॉकेटपुरता खळगा, आणि कुठेही विटेचा तुकडा टेकण म्हणून नको. काटकोनी बेंडऐवजी 45 अंशांचे दोन लावले तर काठी घालून साफ करता येतं. माती लोटण्याआधी खालचं तोंड बंद करून पाईप पाण्याने भरा आणि तासभराने प्रत्येक जोड हाताने चाचपून बघा. मग उघड्या चराचे फोटो काढा, फोटोत टेप आणि घराचा कोपरा दिसू द्या. पुढच्या वर्षी आंब्याचं रोप लावताना पहार कुठे मारायची नाही, ते त्यावरून कळेल.