लंबकापासून शीत अणूंपर्यंत: अवकाशातून होणाऱ्या गुरुत्वमापनाची पार्श्वभूमी

पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नाही, हे प्रथम ध्यानात आले ते एका मागे पडणाऱ्या घड्याळामुळे. झां रिशेर हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे निरीक्षणांसाठी गेले. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे त्यांचे लंबकाचे घड्याळ विषुववृत्ताजवळच्या या गावी दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, आणि ते वेळेवर आणण्यासाठी लंबकाची लांबी तीन मिलिमीटरहून किंचित कमीच, पण कापावी लागली. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली असली पाहिजे, या न्यूटन यांच्या प्रतिपादनाला पुढे याच घड्याळाचा आधार मिळाला.

भारताचा या इतिहासातील वाटा मोठा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. देशाची महात्रिकोणमिती सर्वेक्षण मोहीम चालू असताना कल्याणपूर आणि कालियाना या दोन स्थानकांमधील अक्षांशांचा फरक दोन पद्धतींनी काढण्यात आला, एकदा जमिनीवरील त्रिकोणांच्या मोजणीवरून आणि एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन्ही उत्तरांत पाच विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) थोडी अधिक तफावत राहिली. हिमालयाच्या वस्तुमानामुळे ओळंबा बाजूला ओढला जात असावा, असा विचार करून ब्रिटिश गणिती जॉन प्रॅट यांनी गणित मांडले, तेव्हा तफावत याच्या सुमारे तिप्पट यायला हवी होती असे निघाले. डोंगर दिसतो तेवढा ओढत नाही, म्हणजे त्याच्या खाली काहीतरी हलके आहे, हा विचार १८५५ च्या सुमारास प्रॅट आणि ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी आपापल्या रीतीने मांडला आणि त्यातून भूकवचाच्या समतोलाची कल्पना रुजली. गुरुत्वाकर्षण मोजणे म्हणजे जमिनीखालचे न दिसणारे वस्तुमान वाचणे, हा अर्थ या कामाला तेव्हापासून आला.

उपग्रह आल्यावर पडणारी वस्तू म्हणजे खुद्द उपग्रहच झाला. १९५८ मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ च्या कक्षेतील बारीक बदलांवरून पृथ्वीचा आकार किंचित नासपतीसारखा असल्याचे दिसून आले. खरी झेप मात्र मार्च २००२ मध्ये अमेरिका आणि जर्मनी यांनी मिळून सोडलेल्या ग्रेस या जुळ्या उपग्रहांनी घेतली. सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून ते एकामागोमाग फिरत. वाटेत जास्त वस्तुमानाचा प्रदेश आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जाई, दोघांमधील अंतर किंचित वाढे, आणि हा बदल सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने मायक्रोमीटरच्या पातळीवर टिपला जाई. या मोजणीतूनच २००९ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाले होते. एकाही विहिरीत दोर न सोडता हा हिशेब लागला, याचे मोल शेतीवर जगणाऱ्या देशाला वेगळे समजावून सांगायला नको.

तरीही या पद्धतीत एक कच्चा दुवा राहिला. विरळ हवेचे घर्षण आणि सूर्यप्रकाशाचा दाब हेसुद्धा उपग्रहाला ढकलतात, त्यामुळे त्यांचा परिणाम वेगळा मोजून वजा करावा लागतो. हे काम करणाऱ्या त्वरणमापकात धातूचा एक ठोकळा विद्युत बलाने अधांतरी धरलेला असतो. २००९ ते २०१३ या काळात अवघ्या २५५ किलोमीटर उंचीवरून फिरलेल्या युरोपच्या गोसे उपग्रहावर असे सहा त्वरणमापक जोड्यांनी बसवले होते. ही उपकरणे विलक्षण संवेदनशील असली तरी काळ जाईल तसे त्यांचे वाचन हळूहळू सरकते. मे २०१८ मध्ये गेलेल्या ग्रेसच्या पुढील जोडीत एका उपग्रहाचा त्वरणमापक उड्डाणानंतर थोड्याच दिवसांत अपेक्षेप्रमाणे काम देईनासा झाला, आणि दुसऱ्या उपग्रहाची वाचने दुरुस्त करून त्याच्या जागी वापरण्याची वेळ आली. क्वांटम संवेदकांची, म्हणजे अणूंच्या लहरीसारख्या वागण्यावर चालणाऱ्या मापकांची, ओढ का लागली, हे समजण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

ठोकळ्याऐवजी अणूच पडू द्यावा, ही ती कल्पना. १९९१ मध्ये मार्क कॅसेविच आणि स्टीव्हन चू यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ती प्रत्यक्षात आणली. लेझरच्या साहाय्याने अणूंचा लहानसा ढग निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करतात आणि मोकळा सोडतात. लेझरच्या पहिल्या स्पंदाने प्रत्येक अणूची पदार्थलहर (अणूही लहरीसारखा वागतो, ती लहर) दोन वाटांनी जाते, दुसऱ्या स्पंदाने त्या वाटा एकमेकींकडे वळतात आणि तिसऱ्याने एकत्र येतात. शेवटी अणू ज्या दोन ऊर्जा-अवस्थांत असू शकतात त्या प्रत्येकीत किती सापडले हे मोजले की पडताना अणूंना किती त्वरण मिळाले ते कळते. रुबिडियमचा एक अणू दुसऱ्यापासून तसूभरही वेगळा नसतो आणि तो झिजतही नाही. धातूचा कोणताही ठोकळा याची बरोबरी करू शकत नाही.

अवकाशाचे महत्त्व यापुढे सुरू होते. स्पंदांमधील काळ दुप्पट केला की संवेदनशीलता चौपट होते, पण जमिनीवर अणू केवळ एक सेकंद मोकळा पडायचा तर सुमारे पाच मीटर उंचीची नळी लागते. उपग्रहात अणू आणि उपकरण दोन्ही बरोबरच पडत असल्याने अणू कितीतरी वेळ जागच्या जागी तरंगत राहतो. मात्र याच कारणाने तेथे गुरुत्वाकर्षण थेट मोजता येत नाही. मोजता येते ती उपग्रहाला बसणारी बाह्य ढकल, किंवा एकमेकांपासून दूर ठेवलेल्या दोन ढगांच्या त्वरणातील फरक, म्हणजेच गुरुत्वाची प्रवणता. या विषयावरील सोप्या लिखाणात हा भेद बहुधा गाळला जातो आणि त्यामुळे गैरसमज होतो.

तयारी टप्प्याटप्प्याने झाली. जानेवारी २०१७ मध्ये स्वीडनमधील किरुनाजवळून उडालेल्या मायुस-१ या जर्मन अग्निबाणाने सुमारे सहा मिनिटांच्या भारहीन अवस्थेत बोस-आइनस्टाइन संघनित, म्हणजे अतिथंड अणू जिथे एकाच लहरीसारखे वागतात ती अवस्था, तयार केले. २०१८ मध्ये नासाची शीत अणू प्रयोगशाळा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच उपकरणाने जमिनीखालचा बोगदा शोधून काढला. त्याच वर्षाच्या अखेरीस युरोपीय संघाच्या निधीतून करिओका हा प्रकल्प सुरू झाला. क्वांटम त्वरणमापक उपग्रहावर चालवून पाहणे हा त्याचा हेतू आहे. नासाने एप्रिल २०२५ मध्ये रुबिडियमच्या दोन ढगांवर आधारलेल्या प्रवणतामापकाची योजना जाहीर केली असून या दशकाच्या अखेरीस त्याची चाचणी घेण्याचा विचार आहे. भारतात एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आले आहे.

सर्वात चिवट अडचण उपग्रहाच्या फिरण्याची आहे. पृथ्वीकडे तोंड ठेवून जाणारा उपग्रह सुमारे दीड तासात स्वतःभोवती एक फेरा पूर्ण करतो. एवढ्याशा गतीनेही अणूच्या दोन वाटा शेवटी नीट जुळत नाहीत. म्हणून लेझर परतवणारा आरसा मोजणी चालू असताना उलट दिशेने अत्यंत हलकेच, अगदी त्याच गतीने वळवत राहावा लागतो.