टँकरला न खाणारं तेजाब घमेल्याला का खातं?

मृग जवळ आला की घरचं सरळ (संकरित नसलेलं) वाण लावणारे कास्तकार सरकीवरचे तंतू काढायला ती तेजाबात घोळतात. किलोभर सरकीला साधारण 100 मिली संहत (तीव्र) गंधकाम्ल, म्हणजेच तेजाब, दोन-तीन मिनिटं लाकडी दांड्याने ढवळणं, तंतू काळे पडून सुटले की भरपूर पाण्यात धुणं. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्यायचं असतं. तरी कोणीतरी लोखंडी घमेलं काढतोच आणि विचारतो, "फॅक्टरीतून हेच तेजाब लोखंडाच्या टँकरात येते ना?"

येतं, हे खरंच आहे. 93 ते 98 टक्क्यांचं गंधकाम्ल साध्या पोलादी टाक्यांत साठवतात. आम्ल आधी लोखंडाचा वरचा पापुद्रा खातं आणि लोह सल्फेट तयार होतं. संहत आम्लात मोकळं पाणी जवळपास नसल्याने हे सल्फेट फारसं विरघळत नाही. भिंतीला चिकटून खालचं लोखंड झाकतं. टाकी वाचवणारा थर आम्लानेच घातलेला असतो! पण तो मऊ असतो. आम्ल जोरात वाहिलं तरी खरवडला जातो, म्हणून पोलादी नळ्यांत वेग सेकंदाला मीटरभराच्या आत ठेवतात. आणि पाणी मिसळलं की सल्फेट विरघळतं, हायड्रोजन आयन मोकळे होतात, उघडं पडलेलं लोखंड फसफसू लागतं. घमेल्यात आपण दांड्याने थर खरवडतो आणि वर पाणीही ओततो.

शिशाची गोष्ट उलटी. त्याचं सल्फेट सौम्य आम्लातही विरघळत नाही. 1746 मध्ये जॉन रोबक यांनी बर्मिंगहॅमला गंधकाम्ल बनवायला शिशाच्या खोल्या वापरल्या त्या याच बळावर. ट्रॅक्टरच्या बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटाही सौम्य गंधकाम्लातच बुडालेल्या असतात.

'स्टेनलेस आहे, काही होत नाही' हाही भ्रमच. त्याला क्रोमियम ऑक्साइडचा थर जपतो, पण मिठाच्या आम्लातले क्लोराइड आयन तो फोडतात. त्यामुळे कोणतं आम्ल, किती टक्के, किती गरम, हे न सांगता 'अ‍ॅसिडप्रूफ' म्हणून विकलेल्या भांड्यावर विश्वास ठेवू नये.

उरलेलं तेजाब लोखंडी ड्रममध्ये असेल तर बूच घट्ट लावा. गंधकाम्ल पावसाळी हवेतली ओल शोषतं, वरचा थर सौम्य होतो आणि ड्रम आतून त्याच पातळीवर खाल्ला जातो. आत हायड्रोजन साठतो. बूच उघडताना जवळ विडीसुद्धा नको.