गाड्या तेवढ्याच, मग भाडं का वाढतं?

भिवंडीच्या गोडाऊनवाल्यांशी किंवा कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टरशी बोलून बघा, "मार्केटमध्ये गाडीच नाय" हे कधी ना कधी ऐकू येतंच. आता गाड्या जातात कुठे? कुठेच नाही, रस्त्यातच असतात. वाहतुकीत सप्लाय म्हणजे ट्रक किती ते नाही, तर महिन्यात त्यांच्या फेऱ्या किती होतात ते. धरा, न्हावा शेवा बंदर ते भिवंडी आणि परत, एका दिवसात झालं तर ट्रेलरच्या महिन्याला ३० फेऱ्या, तेच दीड दिवस लागायला लागला की २०, म्हणजे एकही ट्रेलर कमी न होता एक तृतीयांश सप्लाय गायब! २०१८ ला याच वाटेवरचा मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता तेव्हा ठाणे-ऐरोलीकरांनी ट्रॅफिक बघितलं, पण भाड्यावरचं गणित हे असं चालतं. पाऊस, खड्डे, दिवसा जड वाहनांना बंदी, सगळं इथेच येऊन लागतं.

समुद्रात पण हेच. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, मग बऱ्याच कंपन्या सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायला लागल्या, एका बाजूला साधारण १०-१४ दिवस जास्त. दर आठवड्याला एक जहाज सुटायचं असेल तर फेरी जितक्या आठवड्यांची तितकी जहाजं लागतात (आपल्या लोकलच्या रेकसारखंच), म्हणजे येऊनजाऊन तीन-चार आठवडे वाढले की तीन-चार जहाजं जास्त. शिवाय रिकामे कंटेनरही उशिरा परत येतात, आणि रिकामा कंटेनर नसेल तर माल तयार असून काय उपयोग!

डिमांड मात्र एका सरकारी कागदाने पडते. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि नाशिकहून न्हावा शेव्याला जाणाऱ्या कांद्याच्या गाड्यांचं कामच गेलं. गणपतीत तर उलटं, माल जास्त आणि मुंबई-गोवा हायवेवर जड वाहनांना बंदी, दोन्ही एकदमच.

ट्रक निदान लवकर मिळतो, जहाज बांधायला दोन-तीन वर्षं जातात. २०२१ ला भाडी आभाळाला भिडली म्हणून कंपन्यांनी धडाधड ऑर्डरी दिल्या, ती जहाजं पाण्यात उतरेपर्यंत भाडी कोसळलेली, आता एवढ्या जहाजांचं करायचं काय असं चाललेलं तेवढ्यात तांबडा समुद्र पेटला आणि जास्तीची जहाजं लांबच्या फेरीत खपून गेली.