हायलंड गाय : लहान शेतावरील संगोपन

स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात आणि हेब्रिडीझ बेटांवर तयार झालेली, लांब केसांची व रुंद शिंगांची मांसोत्पादक गोजात. गेलिक भाषेत तिला ‘बो गॅलॅख’ म्हणतात. तिचे ‘कायलो’ हे जुने नावही अजून ऐकू येते. या जातीची नोंद ठेवणारी हायलंड कॅटल सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली आणि पहिले वंशावळ पुस्तक १८८५ मध्ये निघाले. इतर गुरांच्या खिल्लाराला इंग्रजीत ‘हर्ड’ म्हणत असले, तरी हायलंडच्या खिल्लाराला ‘फोल्ड’ म्हणतात. हिवाळ्यात रात्री ही जनावरे दगडी वाड्यात कोंडत, त्यावरून हे नाव पडले. स्कॉटलंडमध्ये लहान कुळांच्या शेतांना ‘क्रॉफ्ट’ म्हणतात. घराजवळ थोडी चांगली जमीन आणि डोंगरावर गावकीच्या सामाईक चराईत वाटा, अशी त्यांची रचना असते. ही गाय अशाच मांडणीतून घडली आहे. तयार झालेली गुरे व्यापारी पायी दक्षिणेला नेत. स्काय बेटावरून निघालेली जनावरे कायलऱ्हीच्या सामुद्रधुनीत एकाची शेपटी दुसऱ्याच्या दाव्याला बांधून पोहत पलीकडे उतरवत आणि तिथून फॉल्कर्कच्या बाजाराकडे हाकत.

शरीररचना. गाय साधारण ५०० किलो आणि वळू सुमारे ८०० किलो भरतो. पाय आखूड असतात आणि वशिंड नसते. अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस जाड, तेलकट आणि ३० सेंमीपर्यंत लांब वाढतात, त्यामुळे पावसाचे पाणी त्यांवरून निथळून जाते. आतली लव मऊ असून ऊब धरते. कपाळावरून डोळ्यांवर आलेल्या झुलपीला ‘डॉसन’ म्हणतात. माशा, वारा आणि बर्फ यांपासून डोळे वाचवणे हे तिचे काम, म्हणून दिसायला बरे वाटते म्हणून ती कापू नये. ऊब केसांमधूनच मिळत असल्याने कातडीखाली चरबीचा जाड थर साठत नाही. रंग तांबडा, काळा, पिवळा, मळकट करडा, पट्टेरी, रुपेरी किंवा पांढरा असतो. फिका रंग करणाऱ्या जनुकाची एक प्रत आली की काळ्याचा करडा आणि तांबड्याचा पिवळा होतो. दोन प्रती आल्या तर अनुक्रमे रुपेरी आणि पांढरा रंग मिळतो. म्हणून दोन पिवळ्या जनावरांच्या संकरातून तांबडे, पिवळे आणि पांढरे अशी तिन्ही रंगांची वासरे जन्मू शकतात.

हे केस संगोपनात फसवेही ठरतात. रोडावलेली गाय लांबून गुबगुबीतच दिसते. म्हणून हायलंडची अंगस्थिती डोळ्यांनी ठरवू नये, हाताने चाचपून ठरवावी. कमरेवर शेवटच्या फासळीमागे आणि शेपटीच्या मुळाशी बोटे दाबून पाहावीत. १ ते ५ या मापात व्यायच्या वेळी गाय २.५ ते ३ वर असावी. कमरेच्या हाडांची टोके बोटांना टोकदार लागली तर गाय २ च्या खाली आहे, आणि जोर लावूनही हाड सापडत नसेल तर ती नको तेवढी मातली आहे. ही तपासणी वर्षातून तीनदा करावी : वासरू दुधावरून तोडताना, ऐन हिवाळ्यात आणि व्यायच्या सहा आठवडे आधी.

जमीन आणि संख्या. एकटे जनावर पाळू नये. ते कुंपणे मोडते, हंबरत राहते आणि हाताळायला अवघड होते. किमान दोन असावीत. चांगल्या सुधारित कुरणावर गाय-वासराच्या जोडीला ढोबळमानाने एक हेक्टर लागतो. खडकाळ, दलदलीच्या डोंगरमाळावर याच जोडीला त्याच्या कितीतरी पट जागा द्यावी लागते. इतर गुरे ज्या राठ मोलिनिया गवताला, लव्हाळ्याला आणि काटेरी जाळ्यांना तोंड लावत नाहीत, ते हायलंड खाते आणि तुडवते. निसर्गसंवर्धनासाठी चराई करणारे तिला पसंत करतात ते यामुळेच. पण ‘काहीही खाते’ याचा अर्थ ‘काहीही पचवते’ असा नाही. नेच्याची एक जात, ब्रॅकन, वारंवार खाल्ली गेली तर अस्थिमज्जा निकामी होऊन रक्तस्राव होतो. पिवळ्या फुलांच्या रॅगवर्टने यकृत जाते, आणि वाळलेल्या गवतात तो अधिक धोक्याचा, कारण सुकल्यावर जनावर तो ओळखून टाळत नाही. यू आणि ऱ्होडोडेंड्रॉन ही विषारी झाडे कुंपणाबाहेरच हवीत.

गोठा लागत नाही. आडोसा मात्र लागतो. दगडी भिंत, झाडांची रांग किंवा तीन बाजूंनी बंद छप्पर पुरते. खरी अडचण थंडीची नसून चिखलाची असते. पोटाखालचे केस चिखलाने चिकटून त्यांचे गोळे झाले की लव दबते आणि ऊब जाते. हिवाळ्यात चारा टाकायची जागा खडी टाकून टणक करावी किंवा दर काही दिवसांनी बदलावी. उलट, उन्हाळ्यात सावली नसेल तर हे जनावर धापा टाकू लागते. अंगावरची लोकर वसंतात गळते, पण जाडी पुरती जात नाही. त्यामुळे उष्ण, दमट प्रदेशात ही जात नेण्यात अर्थ नाही. सह्याद्रीच्या धुवाधार पावसाला इगतपुरी-अकोले भागातली डांगी गाय तोंड देते ती कातडीतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावाच्या बळावर. पावसापासून वाचण्याचा प्रश्न दोघींचा एकच, पण हायलंडचे उत्तर थंडीसाठी आहे.

हिवाळ्याची वैरण. ५०० किलोची गाय दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १० किलो शुष्क चारा खाते. वाळलेल्या गवतात तो हिशेब रोज साधारण १२ किलोंवर जातो. सहा महिन्यांचा हिवाळा धरला तर गायीमागे सव्वादोन टन गवत साठवावे लागते, म्हणजे २५० किलोंचे नऊ गोल गठ्ठे. हा आकडा पहिली गाय आणण्यापूर्वी काढायचा असतो. वैरणीत तूट आली की फेब्रुवारीत ती चढ्या भावाने विकत घ्यावी लागते आणि वर्षाचा नफा तिथेच संपतो. मुरघास चालतो, पण बुरशी लागलेला गठ्ठा फेकून द्यावा, त्यातून लिस्टेरियाचा आजार होतो. धान्य-पेंड दूध आटलेल्या गाभण गायीला देऊ नये. चरबी कमरेच्या पोकळीत साचते आणि वासरू अडते. वाढत्या वासरांना मात्र पहिल्या हिवाळ्यात रोज १ किलोच्या आसपास खुराक द्यावा, नाहीतर खुंटलेली वाढ पुढे भरून निघत नाही. पाणी दिवसाला ३० ते ५० लिटर आणि दुभत्या गायीला त्याहून अधिक लागते. बर्फ पडलेला असला तरी पाण्याची सोय हवीच.

शिंगे, कुंपण आणि खोडा. नर-मादी दोघांनाही शिंगे असतात. वळूची पुढे वळलेली व जाड, तर गायीची वर उठून पसरलेली. नोंदणीकृत जनावरांची शिंगे काढत नाहीत, म्हणून सगळे सामान शिंगांच्या मापाने घ्यावे लागते. अरुंद उभ्या सळयांची गोल गव्हाण धोक्याची. डोके आत जाते, पण बाहेर येताना शिंग अडकते आणि घाबरलेले जनावर मान मोडून घेते. त्यापेक्षा गवत जमिनीवर ढिगांनी टाकावे, आणि ढीग जनावरांपेक्षा दोन-तीन जास्त ठेवावेत. दांडगी गाय एक ढीग हेरते, मग भित्रीला दुसरा मिळतो. फाटक ३.६ मीटरपेक्षा अरुंद नसावे.

पशुवैद्याच्या कामासाठी खोडा हवाच. मानेला आपोआप अडकवणारे बाजारातले खोडे बहुधा शिंगांना अरुंद पडतात. बाजूने उघडणारा, शिंगांसाठी खाचा असलेला खोडा घ्यावा. ती सोय नसेल तर गुरांना अरुंद गल्लीतून आणून मजबूत खांबाला कासऱ्याने बांधण्याची रीत आहे, पण त्यासाठी जनावर लहानपणीच मोरखीला सवयीचे केलेले असावे. वासरू तोडल्यावर तीन-चार आठवडे रोज पंधरा मिनिटे बांधणे, खरारा करणे आणि चालवणे एवढे पुरते. मोठ्या झालेल्या, कधी हात न लावलेल्या गायीला ही शिकवण देणे जवळपास अशक्य असते.

कुंपण १.२ मीटर उंच, खांब तीन मीटरवर. हायलंड उड्या मारत नाही, ती खांबाला अंग घासते आणि मुळासकट हलवते. म्हणून कोपऱ्यांना आधार द्यावा, आणि घासायला एक जाड ओंडका कुरणात मुद्दाम रोवावा. विजेची तार लावताना लक्षात ठेवायचे की दाट केसांतून झटका बसत नाही. तार नाकाच्या उंचीवर ओढावी आणि गुरांना आधी छोट्या वाड्यात तिची ओळख करून द्यावी, म्हणजे ओल्या नाकाने तार हुंगून ती शहाणी होतात.

प्रजनन. ही जात संथ वाढते. कालवड साधारण दोन ते सव्वादोन वर्षांची आणि प्रौढ वजनाच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे ३२५ किलोची झाल्यावर भरवतात. ती तीन वर्षांची होताना पहिल्यांदा विते. घाई केली तर कालवड खुरटते आणि दुसऱ्या वर्षी माजावर येत नाही. उशीर भरून निघतो तो आयुष्यात : १५ वर्षांच्या पुढेही दरवर्षी वासरू देणाऱ्या गायी दुर्मीळ नाहीत. गाभणकाळ साडेनऊ महिन्यांचा. वासरू २५ ते ३० किलोंचे, त्यामुळे विताना सहसा अडचण येत नाही. पण दोन तास कळा देऊनही पाय दिसत नसतील तर पशुवैद्याला बोलवावे. जन्मल्यावर सहा तासांच्या आत वजनाचा दहावा भाग, म्हणजे ३० किलोंच्या वासराला तीन लिटर चीक पोटात गेला पाहिजे. नाळेला आयोडिन लावावे. गाय विल्यावर पहिले काही दिवस भलती सावध असते, आणि ज्या मालकाच्या हातून एरवी खाते त्यालाही शिंग उगारते. वासराला बिल्ला मारायचा तर मधे फाटक किंवा गाडी ठेवावी. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने लोकांना शेतजमिनीतून चालत जाण्याचा हक्क आहे. म्हणून कुत्रे घेऊन फिरणाऱ्यांच्या वाटेवरच्या कुरणात व्यालेल्या गायी ठेवू नयेत.

दोन-चार गायींसाठी स्वतःचा वळू पोसणे परवडत नाही. भाड्याने आणलेला वळू सोयीचा, पण बीव्हीडी (गुरांचा विषाणुजन्य अतिसार) आणि कॅम्पिलोबॅक्टर (वंध्यत्व आणणारे जिवाणू) यांची तपासणी झालेलाच घ्यावा. कृत्रिम रेतनात दर २१ दिवसांनी येणारा माज ओळखणे हे काम मालकाचे. गोऱ्हे तोडतानाच वेगळे करावेत, नाहीतर वर्षाच्या आतली कालवड गाभण राहण्याचा अपघात घडतो. रबराच्या कड्याने खच्चीकरण भूल न देता पहिल्या ७ दिवसांतच करता येते. दोन महिन्यांनंतर कोणत्याही पद्धतीचे खच्चीकरण पशुवैद्याने भूल देऊनच करायचे, असा ब्रिटनचा नियम आहे.

रोग. हिवाळ्याच्या अखेरीस मान-खांद्यांवर टक्कल आणि तारांवर केसांचे पुंजके दिसले तर बहुधा उवा असतात. पाठीवर ओतायचे औषध या जातीत वारंवार फुकट जाते, कारण ते केसांतच अडकते. पाठीच्या कण्यावर केसांचा भांग पाडून औषध थेट कातडीवर सोडावे. ओल्या जमिनीत यकृतकृमी हा सर्वांत महागडा शत्रू. त्याचा प्रसार दलदलीतल्या छोट्या गोगलगायीमार्फत होतो. गाय रोडावते, जबड्याखाली सूज येते, पण केसांमुळे दोन्ही उशिरा कळतात. गोठ्यात येणाऱ्या गुरांना एक मात्रा पुरते. हायलंड हिवाळाभर त्याच ओल्या माळावर असते, म्हणून शरदात आणि पुन्हा हिवाळ्यात शेण तपासून औषध ठरवावे. ट्रायक्लॅबेंडाझोल या कृमिनाशकाला दाद न देणारे कृमी आता आढळतात, म्हणून औषधानंतरही तपासणी हवी. गोचिडीमुळे तांबडी लघवी होते. बाहेरून आणलेल्या जनावरांना हा आजार स्थानिकांपेक्षा जोरात होतो.

वसंतातल्या कोवळ्या गवतात मॅग्नेशियम कमी असते. वासरू पाजणारी म्हातारी गाय अचानक थरथरते, पडते आणि तासाभरात मरू शकते. त्या काळात रोज गायीमागे ६० ग्रॅम भाजलेले मॅग्नेसाइट द्यावे. नुसती चाटण ठेवून भागत नाही, कारण ज्या गायीला गरज असते तीच नेमकी चाटत नाही. दलदलीच्या जमिनीत तांब्याची कमतरता असते, डोळ्यांभोवतीचे केस पांढुरके पडतात. पण रक्त तपासल्याशिवाय तांबे देऊ नये, जास्त झाले तर ते विषच. त्याच कुरणात मेंढ्या असतील तर गुरांचे खनिज मिश्रण त्यांच्या तोंडी लागता कामा नये.

नोंदी आणि विक्री. ब्रिटनमध्ये जागेला नोंदणी क्रमांक असल्याशिवाय जनावर आणता येत नाही. वासराच्या दोन्ही कानांत २० दिवसांच्या आत बिल्ले आणि २७ दिवसांच्या आत नोंदणी लागते. नवे जनावर आले की स्कॉटलंडमध्ये १३ दिवस त्या शेतावरून गुरे हलवता येत नाहीत.

वंशावळीच्या जनावरांचे मुख्य लिलाव पश्चिम स्कॉटलंडमधील ओबन येथे फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये भरतात. विकत घेताना खुरांची ठेवण, सडांचा आकार आणि स्वभाव पाहावा. केस आणि रंग शेवटी. ‘मिनी हायलंड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बुटक्या वासरांपासून सावध राहावे. काहींत खुजेपणाचे जनुक असते, आणि असे दोन वाहक एकत्र आले तर चारपैकी एक वासरू विकृत व मृत जन्मण्याची शक्यता असते. काही वेळा ते निव्वळ लहान वासरू असते, जे पुढे ५०० किलोंचे होते.

मांसासाठीचे खच्ची बैल ३० महिन्यांच्या आसपास किंवा त्यानंतरच तयार होतात. १९९६ ते २००५ या काळात ब्रिटनमध्ये ३० महिन्यांवरील गुरांचे मांस विकायला बंदी होती, तिचा या संथ जातीला मोठा फटका बसला. कत्तलखाना आधी ठरवावा, मग जनावर तयार करावे : सगळे कत्तलखाने रुंद शिंगे घेत नाहीत आणि वय-मर्यादेचे नियम त्यांच्याकडूनच समजतात. पोटाखालचा चिखल आदल्या आठवड्यातच कातरून काढावा, घाण जनावर परत पाठवले जाते. धड बाजारभावाने दलालाला विकले तर लहान आकारामुळे दर पडतो. तेच मांस तीन-चार आठवडे टांगून, तुकडे करून थेट गिऱ्हाइकाला दिले आणि कातडे वेगळे कमावले, तर लहान फोल्डचा हिशेब जुळतो.