महाराष्ट्रातल्या छोट्या विमानतळांची प्रवासीसंख्या आणि एकत्रीकरणाचा वाद

मुंबई, नवी मुंबई, पुणे आणि नागपूर ही चार सोडली की उरतात ते राज्यातले छोटे विमानतळ. कोल्हापूर, नाशिकचं ओझर, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, जळगाव, गोंदियाचं बिरसी, सिंधुदुर्गातलं चिपी, सोलापूरचं होटगी रोड, अमरावतीचं बेलोरा हे त्यातले. शिवाय लातूर, धाराशिव, बारामती, यवतमाळ, अकोला, धुळे, कराड अशा ठिकाणी धावपट्टी आहे पण तिकीट काढून बसावं अशी नियमित फ्लाइट नाही. कोविडनंतर यातल्या कुठे प्रवासी परत आले, कुठे आलेच नाहीत, आणि एवढ्या सगळ्या धावपट्ट्या वेगवेगळ्या सांभाळण्यापेक्षा काही एकत्र कराव्यात का, यावर बरीच वर्षं वाद चालू आहे. एकत्र करणं म्हणजे नक्की काय, यावरच दोन्ही बाजू एकमेकांशी वेगवेगळं बोलतात, त्याबद्दल पुढे येईलच.

प्रवासी परत आले म्हणजे काय

देशाचा आकडा बघितला तर सगळं छान दिसतं. २०१९ मध्ये देशांतर्गत विमानप्रवासी सुमारे १४.४ कोटी होते, मग २५ मार्च २०२० ते २४ मे २०२० फ्लाइट्स पूर्ण बंद होत्या आणि ते वर्ष ६.३ कोटींवर संपलं, २०२१ मध्ये ८.४ कोटी, २०२२ मध्ये १२.३ कोटी, २०२३ मध्ये १५.२ कोटी आणि २०२४ मध्ये १६.१ कोटी. म्हणजे २०२३ मध्येच आपण कोविडच्या आधीच्या पुढे गेलो.

पण हाच हिशोब छोट्या विमानतळाला लावायला गेलं की गडबड होते. मोठ्या विमानतळावर दहा एअरलाइन असतात, एक गेली तर बाकीच्या तिची जागा भरतात, त्यामुळे आकडा हळूहळू खाली जातो आणि हळूहळू वर येतो. छोट्या ठिकाणी एकच एअरलाइन, तिचं एकच विमान, ते गेलं की प्रवासी दुसऱ्या दिवशी शून्य. नांदेडचं उदाहरण बघा, २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी छोट्या शहरांना स्वस्तात विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेतली पहिली शिमला–दिल्ली फ्लाइट सुरू केली तेव्हा त्याच कार्यक्रमात नांदेड–हैदराबादलाही झेंडा दाखवला होता, ती फ्लाइट ट्रूजेटची होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटच बंद पडली आणि देशभरात प्रवासी परत येत होते नेमक्या त्याच वर्षी नांदेडकरांची ती सोय गेली, २०२४ मध्ये स्टार एअर आली तेव्हा गाडी पुन्हा रुळावर आली. यात नांदेडच्या माणसाने प्रवास करायचं सोडलं असं झालंच नव्हतं, तो रेल्वेने किंवा ट्रॅव्हल्सने जात होता, किंवा हैदराबादपर्यंत गाडी करून तिथून विमान पकडत होता.

दुसरी अडचण, चिपी सुरू झालं ऑक्टोबर २०२१ मध्ये, अमरावती एप्रिल २०२५ मध्ये, सोलापूरची नियमित सेवा जून २०२५ मध्ये. यांना २०१९ चा आकडाच नाही, मग 'रिकव्हरी' मोजणार कशाशी? म्हणून राज्याची एकूण टक्केवारी काढून 'छोटे विमानतळ सावरले' किंवा 'फेल गेले' असं म्हणणं दोन्ही चुकीचं आहे, प्रत्येक ठिकाणचं वेगळं बघावं लागतं.

उडानचं गणित

उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. साधारण तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांच्या आसपास तिकीट, विमानातल्या साधारण अर्ध्या जागा या दराने द्यायच्या, आणि त्यातून एअरलाइनला जो तोटा होईल तो सरकार भरून देणार, त्याला व्हीजीएफ म्हणतात. हा पैसा केंद्र आणि राज्य ८०:२० वाटून घेतात, केंद्राचा वाटा मोठ्या मार्गांवरच्या फ्लाइट्सवर कर लावून गोळा होतो, राज्याने इंधनावरचा व्हॅट १ टक्क्यावर आणायचा आणि पोलीस, फायर ब्रिगेड वगैरे फुकट द्यायचं. हे सगळं ३ वर्षांसाठी, आणि त्या ३ वर्षांत त्या मार्गावर दुसरी कंपनी नाही.

३ वर्षांनंतर काय, तिथेच घोडं अडलं. कॅगने २०२३ मध्ये योजनेचं ऑडिट मांडलं त्यात योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत (उडान-३) वाटलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ कधी सुरूच झाले नाहीत, जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ नी ३ वर्षं पूर्ण केली, आणि त्यानंतरही टिकले ते अवघे ५४. एकत्रीकरणवाले कायम हाच आकडा पुढे करतात, आणि आकडा खराच वाईट आहे. पण मार्ग का बंद पडले ते बघितलं तर दर वेळी प्रवासी नव्हते म्हणून नाही, कधी एअरलाइनकडे विमानच नव्हतं, कधी विमानतळच तयार नव्हता, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत तर मुंबईत उतरायला वेळच मिळत नव्हती.

मुंबईच्या स्लॉटचा, म्हणजे विमान उतरायच्या-सुटायच्या ठरलेल्या वेळेचा, प्रश्न सगळ्यात मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, तिथे १८० सीटच्या विमानाला जागा द्यायची की १९ सीटच्या, यात छोटं विमान कायम मागे पडतं. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने जळगाव, नाशिक भागातून छोट्या बीचक्राफ्ट विमानांनी सेवा सुरू केली, ती फार काळ टिकली नाही. जळगावच्या व्यापाऱ्याला सकाळी मुंबईत पोचून संध्याकाळी परत यायचं असतं, फ्लाइट भर दुपारची असेल आणि आठवड्यातून तीनच दिवस, तर तो रात्रीच्या रेल्वेनेच जाणार ना, मग त्यावरून जळगावला डिमांड नाही असं म्हणायचं का? यावर एक वाट आपोआप निघाली, बरेच छोटे विमानतळ मुंबईऐवजी हैदराबादला जोडले गेले. कोल्हापूर, नांदेड, शिर्डी, गोंदिया, नाशिक, सगळीकडून हैदराबादची फ्लाइट कधी ना कधी चालली. मार्च २०२४ पासून गोव्याची फ्लाय९१ मोपा विमानतळाहून एटीआर ही छोटी पंख्याची विमानं चालवते, तिने जळगाव, सोलापूर, सिंधुदुर्ग गोवा-पुणे-हैदराबादला जोडले.

सोलापूर: चिमणी आणि धावपट्टी

सोलापूरची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण छोट्या विमानतळाचं दुखणं नेमकं कुठे असतं ते तिथे स्वच्छ दिसतं. होटगी रोडला जुनी धावपट्टी होतीच, किंगफिशरची फ्लाइटही काही काळ होती. पुढे उड्डाणाच्या वाटेत श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी उभी राहिली. मग वर्षानुवर्षं शहरात दोन तट, एक म्हणतो चिमणी पाडा तरच उद्योग येतील, आयटी कंपन्या येतील, पोरं पुण्याला जायची थांबतील, दुसरा म्हणतो हजारो ऊसउत्पादक सभासदांचा कारखाना आहे, विमानासाठी शेतकऱ्याचं नुकसान का करायचं. मोर्चे झाले, उपोषणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. १५ जून २०२३ ला मोठ्या पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडली.

आणि पहिली नियमित फ्लाइट, गोव्याची, सुटली ९ जून २०२५ ला. चिमणी पडल्यावरही जवळपास २ वर्षं टर्मिनल, कुंपण, परवाने आणि तयार एअरलाइन मिळेपर्यंत गेली. मुंबईची सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये आली तीही राज्य सरकारने स्वतःच्या खिशातून व्हीजीएफ द्यायचं ठरवलं तेव्हा. दरम्यान बोरामणीला मोठ्या नव्या विमानतळासाठी जमीन घेऊन ठेवली आहे, ती माळढोकच्या पट्ट्यातल्या वनजमिनीच्या प्रश्नात अडकली. म्हणजे एका शहरासाठी दोन जागा. सोलापूरकरांना यात दोष देता येत नाही, पण होटगी रोड चालू ठेवून बोरामणीचा विषय शांतपणे बाजूला ठेवावा असं मला वाटतं.

चिपी आणि मोपा

एकत्रीकरणाच्या वादाचं खरं रणांगण मात्र तळकोकण आहे. चिपी वेंगुर्ले तालुक्यात, धावपट्टी २,५०० मीटरची, म्हणजे एअरबसही उतरू शकेल एवढी. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरची मुंबई फ्लाइट सुरू झाली. चाकरमान्यांना ती हवी होती, गणपतीत तर तिकीट मिळायची मारामार. पण पावसाळ्यात आणि एरवीही रद्द होण्याचं प्रमाण फार, आणि माणूस एकदा दोनदा अडकला की तिसऱ्यांदा कोकणकन्याच पकडतो.

मग ५ जानेवारी २०२३ ला गोव्याचा मोपा विमानतळ चालू झाला, पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्गच्या हद्दीला लागून. दोन्हींमधलं हवाई अंतर ५० किमीच्याही आत. मोपाला दिवसभर फ्लाइट्स, सगळ्या मोठ्या शहरांतून, तिकीटही स्पर्धेमुळे खाली येतं. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या माणसाला मोपा चिपीपेक्षा सोयीचा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. उडानची ३ वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आणि चिपीची मुंबई फ्लाइटही तेव्हाच थांबली. गोव्यातही असाच वाद आहे, दाबोळी नौदलाच्या हंसा तळावर आहे, मोपामुळे दाबोळी बंद होणार ही भीती दक्षिण गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांना आणि हॉटेलवाल्यांना आहे आणि सरकार दोन्ही चालू राहणार असं सांगत आलं आहे.

मग चिपी बंद करावा का? मालवण, कुडाळ, देवगडचा पट्टा मोपापासून लांबच आहे आणि धावपट्टी तर बांधून झाली आहे, तो पैसा परत येणार नाही. पण तिथे रोजच्या पाच फ्लाइट्सची स्वप्नं बघण्यात अर्थ नाही, एक एटीआर रोज, वेळेवर, मुंबई किंवा नवी मुंबईला, एवढं जरी झालं तरी जिल्ह्याला पुरेल.

एकत्र करायचं म्हणजे काय करायचं

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने फिरतात. एक, जवळजवळच्या विमानतळांपैकी एकच चालवायचा आणि बाकीचे बंद. दोन, नवे बांधायचे नाहीत. तीन, सगळे राहू द्यायचे पण मालकी, माणसं, कंत्राटं एकाच्या हातात आणायची.

मालकीचं चित्र बघितलं की तिसऱ्याची गरज लगेच पटते. कोल्हापूर, संभाजीनगर, जळगाव, गोंदिया, सोलापूर, अकोला भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, ओझर विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलचं, शिर्डी आणि अमरावती राज्याच्या विमानतळ विकास कंपनीचे (एमएडीसी), चिपी एमआयडीसीचा पण बांधला आणि चालवला आयआरबी या खासगी कंपनीने, रत्नागिरी तटरक्षक दलाकडे. नांदेड, लातूर, धाराशिव, बारामती, यवतमाळ हे पाच एमआयडीसीने २००९ मध्ये रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्सला भाडेपट्ट्याने दिले होते, अपेक्षेप्रमाणे काही घडलं नाही आणि शेवटी ते परत घ्यायचा निर्णय सरकारने घेतला. एवढे मालक असल्यावर एअरलाइनला 'आम्ही तुम्हाला पाच शहरांचा एक फेरा देतो' असं सांगणार कोण? दिवसाला एकच विमान येतं तिथेही एटीसी, म्हणजे विमानांना सूचना देणारा नियंत्रण कक्ष, लागतो, विमानाच्या आकाराप्रमाणे फायर टेंडर लागतो, सुरक्षा लागते, हवामानाची यंत्रणा लागते, हा खर्च विमान एक आलं काय आणि सहा आली काय, जवळपास तेवढाच.

बाहेर हे करून बघितलं आहे. जपानमध्ये होक्काइडोचे ७ विमानतळ २०२० पासून एकाच कंपनीला चालवायला दिले, त्यातल्या मोठ्या शिन-चितोसेच्या कमाईवर बाकीचे चालतात. नॉर्वेत अविनॉर ही सरकारी कंपनी ४० हून जास्त विमानतळ चालवते, तिथेही मोठ्याच्या नफ्यातून छोट्याचा तोटा भरतात. भारतात २०२१ मध्ये कायदा बदलून 'विमानतळांचा समूह' ही सोय केली आणि मोठ्या विमानतळाबरोबर छोटा जोडून भाड्याने द्यायचा प्रस्ताव आला, त्यात संभाजीनगर जोडलं होतं रायपूरला! मराठवाड्याचा विमानतळ छत्तीसगडशी बांधण्यात प्रवाशाचा काय फायदा ते मला तरी दिसत नाही, जोडायचाच तर शिर्डी-नांदेडशी जोडा.

दुसऱ्या मुद्द्यावर केंद्राच्या २००८ च्या नव्या विमानतळांच्या धोरणातच नियम आहे की चालू विमानतळाच्या १५० किमीच्या आत नवा नागरी विमानतळ सहसा नको, पण अपवाद करायची मुभा आहे. लातूर आणि धाराशिवच्या धावपट्ट्यांत हवाई अंतर ५० किमीसुद्धा नाही. ओझर आणि शिर्डीत ७० च्या आसपास, बेलोरा आणि अकोल्याच्या शिवणीतही तेवढंच. पण ओझर-शिर्डीत वाद होत नाही कारण एकाकडे शहर आणि दुसऱ्याकडे साईभक्त आहेत. अकोला-अमरावतीत मात्र होतो, कारण शिवणीची धावपट्टी वाढवायची मागणी किती जुनी आहे आणि तिच्याआधी बेलोऱ्याला फ्लाइट मिळाली ही सल अकोलेकरांना आहे. आता बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची होऊन मुंबई फ्लाइट सुरू आहे तर पश्चिम विदर्भासाठी तीच नीट चालवावी, आणि अकोला स्टेशनवरून बेलोऱ्याला फ्लाइटच्या वेळेवर बस सोडावी, दुसरी धावपट्टी लांबवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल.

रस्ता, रेल्वे आणि नवी मुंबई

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईजवळच्या आमणेपर्यंत, म्हणजे पूर्ण ७०१ किमी खुला झाला. सोलापूर आणि शिर्डीला फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे. मुंबईपासून रस्त्याने ४-५ तासांवर असलेल्या विमानतळाला त्यामुळे मुंबईचा प्रवासी मिळणं अवघड होणार, तिथे दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद अशा लांबच्या फ्लाइट्सच टिकतील. उलट नांदेड, गोंदिया लांब आहेत, त्यांना विमान खरंच लागतं.

शिर्डीने आणखी एक धडा दिला. २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दृश्यमानता ५,००० मीटरच्या खाली गेली म्हणून जवळपास महिनाभर काकडी गावातल्या त्या विमानतळावर फ्लाइट्स बंद होत्या, कारण यंत्रणा अपुरी होती. प्रवासी होते, विमानं होती, धावपट्टी होती, फक्त उपकरणं नव्हती. टर्मिनल चकाचक करण्याआधी नाइट लँडिंग आणि उपकरणांवर पैसे घालायला हवेत.

नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला. तिथे सुरुवातीपासूनच राज्यातल्या शहरांसाठी सकाळ-संध्याकाळचे काही स्लॉट राखून ठेवले तर जळगाव, सोलापूर, नांदेड, सिंधुदुर्ग या चौघांचं निम्मं दुखणं जाईल. ते आत्ताच मागायला हवं, कारण एकदा मोठ्या एअरलाइन्सनी वेळा पकडल्या की त्या सोडत नाहीत.