एएसएम-जेनेरिक

लिनक्स कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) सर्व प्रोसेसर-आर्किटेक्चरांना सामाईक हेडर फाइलींचा, म्हणजे इतर कोडमध्ये समाविष्ट होणाऱ्या व्याख्यांच्या फाइलींचा, संच. एकाच मजकुराच्या आर्किटेक्चरनिहाय प्रती काढून टाकण्यासाठी तो वापरतात. पूर्वी नवे आर्किटेक्चर आणताना जुन्याचेच हेडर उचलून त्यात बदल करत. परिणामी एका प्रतीतला दोष सुधारला, तरी बाकीच्या प्रतींत तो तसाच राही.

आर्किटेक्चरच्या केबिल्ड फाइलीतील (बिल्डच्या, म्हणजे कोडपासून कर्नल तयार करण्याच्या, सूचनांची फाइल) ‘जेनेरिक-वाय’ यादीत हेडरचे नाव घातले की बिल्डच्या वेळी ‘जनरेटेड’ डिरेक्टरीत एका ओळीची फाइल तयार होते. ती फक्त सामाईक हेडर इन्क्लूड (समाविष्ट) करते. सर्वांना लागणारी हेडर ‘मँडेटरी-वाय’ यादीत असतात. त्यांच्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, जुनी प्रत काढली की पुरे. कंपायलर आधी आर्किटेक्चरची स्वतःची डिरेक्टरी शोधतो, मग ‘जनरेटेड’. त्यामुळे यादीत नाव घालून प्रत काढायची राहिली, तर जुनीच फाइल वापरात राहते. बिल्ड याचा इशारा देते, पण थांबत नाही.

हेडर थोडेसेच वेगळे असेल तर आर्किटेक्चरची छोटी फाइल ठेवतात: आधी स्वतःच्या व्याख्या, शेवटी सामाईक हेडरचा इन्क्लूड. सामाईक हेडर ‘इफ-एन-डेफ’ने (नाव आधी डिफाइन झालेले नसेल तरच, अशी अट) तपासून फक्त उरलेल्या व्याख्या पुरवते. ही तपासणी मॅक्रोचीच (कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी ठरलेला मजकूर बसतो असे नाव) होते, म्हणून इनलाइन फंक्शन लिहिल्यास त्याच नावाचा मॅक्रोही डिफाइन करावा लागतो. नाहीतर दुहेरी व्याख्येची त्रुटी येते. छोट्या फाइलीचा इन्क्लूड-गार्ड (फाइल दुसऱ्यांदा समाविष्ट होऊ न देणारा मॅक्रो) सामाईक हेडरच्याच नावाचा राहिला, तर सामाईक हेडरमधला सगळा मजकूर गळतो.

या त्रुटी निदान बिल्डमध्ये दिसतात. खरा धोका गुपचूप चालणाऱ्या पर्यायांचा. सामाईक बॅरियर हेडरमध्ये ‘एमबी’ची (मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम राखणारा मेमरी-बॅरियर) व्याख्या आर्किटेक्चरने दिली नाही, तर तिथे निव्वळ कंपायलर-बॅरियर बसतो; तो कंपायलरला रोखतो, प्रोसेसरला नाही. मेमरी-क्रम शिथिल असलेल्या प्रोसेसरवर कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि डेटा मात्र अधूनमधून बिघडतो. म्हणून प्रत काढण्याआधीची व नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला कोड) डिसअसेंबल करून, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांच्या वाचनीय रूपात आणून, पडताळणे उत्तम. जुन्या प्रतीने ओढून आणलेल्या इतर हेडरांवर एखादा लांबचा ड्रायव्हर विसंबलेला असू शकतो. तो ‘डेफकॉन्फिग’मध्ये (आर्किटेक्चरच्या मूळ ठरीव निवडीत) नसेलही, तेव्हा ‘ऑलमॉडकॉन्फिग’ही (शक्य तितके सारे मॉड्यूल म्हणून घेणारी निवड) क्रॉस-कंपाइल, म्हणजे दुसऱ्या आर्किटेक्चरच्या यंत्रावर कंपाइल, करावे.

यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमांना, दिसणाऱ्या हेडरांना (३.७ आवृत्तीपासून ती ‘यूएपीआय’ डिरेक्टरीत वेगळी केली जाऊ लागली) हा नियम सरसकट लावता येत नाही. त्यांतले आकडे आधीच कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमांत रुजलेले असतात. ‘ईनोसिस’ (‘असा सिस्टिम-कॉल नाही’ हा त्रुटी-क्रमांक; सिस्टिम-कॉल म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) सामाईक हेडरमध्ये ३८ आहे, अल्फावर ७८, मिप्सवर ८९, स्पार्कवर ९०, तर पीए-रिस्कवर २५१. आयऑक्टल क्रमांकात (उपकरणाला द्यायच्या आज्ञेच्या क्रमांकात) डेटाच्या आकारासाठी सामाईक मांडणी १४ बिट देते, पॉवरपीसी १३. असे भेद कितीही खटकले तरी ते राखावेच लागतात. आर्म६४ आणि रिस्क-व्ही यांच्यामागे असे जुने प्रोग्रॅम नव्हते, त्यामुळे त्यांनी सामाईक सिस्टिम-कॉल क्रमांकच स्वीकारले.