बांधकाम आणि उद्योगक्षेत्रातील करारांची स्मृतिचिन्हे : ऑर्डर देण्यापूर्वी हे वाचा

कारखान्याची खरेदी, बोगद्याचे कंत्राट, प्रकल्पासाठी उभे केलेले कर्ज, दोन कंपन्यांचे विलीनीकरण. असा व्यवहार पूर्ण झाला की त्यासाठी राबलेल्या मंडळींना टेबलावर ठेवता येईल असे स्मृतिचिन्ह देतात. ही पद्धत बँकिंग क्षेत्रातून आली. तिथे व्यवहाराची वर्तमानपत्रातली जाहिरात लहान करून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यात बसवत. बांधकाम आणि यंत्रोद्योगाला कागदावर थांबायची गरज नाही, कारण इथे दाखवायला प्रत्यक्ष काम असते.

म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो : या करारातून नेमके काय उभे राहणार आहे, किंवा कशाची मालकी बदलणार आहे? हस्तांदोलन करणारे हात आणि पृथ्वीचा गोल कोणत्याही कराराला चालतात, आणि म्हणूनच आम्ही ते सुचवत नाही.

प्रतिकृती करायची तर आधी प्रमाण बघावे लागते. १५० मीटर उंचीची चिमणी १:१००० प्रमाणात १५ सेंटीमीटरची होते आणि टेबलावर छान दिसते. त्याच प्रमाणात एक मीटर व्यासाची पाइपलाइन मात्र जेमतेम एक मिलीमीटरची उरते. अशा वेळी अख्खी लाइन दाखवण्याचा हट्ट सोडून पाइपचा आडवा छेद घ्यावा : पोलादाची जाडी, बाहेरचे कोटिंग, सगळे नीट दिसते. बोगदा त्या मानाने सोपा. सहा मीटर व्यासाचा बोगदा १:१०० प्रमाणात सहा सेंटीमीटरचा होतो.

अनेकांना प्रकल्पस्थळाची माती, खडक, काँक्रीट किंवा सळईचा तुकडा आत बसवून हवा असतो. आमच्या मते याहून चांगली कल्पना नाही, पण ती वेळ मागते. काँक्रीटच्या छिद्रांत ओल असते. २८ दिवसांचे क्युअरिंग (ओले ठेवून काँक्रीट पक्के करणे) झाले म्हणजे ते आतून कोरडे झाले असे नव्हे. नमुन्याभोवती द्रव अ‍ॅक्रिलिक ओतताना ही ओल बुडबुडे बनून बाहेर येते आणि ठोकळा धुरकट दिसतो. त्यामुळे नमुना भट्टीत वाळवून, छिद्रे बंद करूनच आम्ही वापरतो. सळईचा गंज काढून तिच्यावर लॅकरचा संरक्षक थर चढवतो. जुन्या कारखान्याचा तुकडा असेल तर त्यात आरोग्याला घातक असे अ‍ॅस्बेस्टॉस किंवा शिसे असलेला रंग नाही ना, याची तपासणी करून मगच पाठवा. तपासणीशिवाय असा तुकडा आम्ही कापत नाही.

कशात बनवायचे याचा वजनाशीही संबंध आहे. १५ × १० × २.५ सेंटीमीटरचा ठोकळा अ‍ॅक्रिलिकमध्ये साधारण ४४० ग्रॅम भरतो, तर पोलादात जवळजवळ तीन किलो. पाहुणे विमानाने परतणार असतील तर हे आधीच ठरवा. काच वजनदार आणि देखणी असते, तिच्यावर सहज चरे पडत नाहीत, पण कोपरे टवकतात. अ‍ॅक्रिलिकवर चरे पडतात. अ‍ॅक्रिलिक स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नका, बारीक तडे जातात. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरेसे आहे.

मजकुराला मात्र घाई नको. सर्वाधिक दुरुस्त्या इथेच निघतात. करारावर सह्या झाल्याची तारीख आणि व्यवहार प्रत्यक्ष पूर्ण झाल्याची तारीख बहुधा वेगळ्या असतात, त्यातली कोणती घालायची ते ठरवा. रक्कम गोपनीय असेल तर ती वगळा. कंपन्यांची नावे नोंदणीप्रमाणेच लिहून द्या. सल्लागारांच्या नावांचा क्रम हा नाजूक विषय असतो, तेव्हा तो सर्वांकडून लेखी मंजूर करून घ्या. दुसऱ्या पक्षाचा लोगो वापरायला त्यांची परवानगी लागते, आणि तो वेबसाइटवरून उचललेला न देता व्हेक्टर फाइलमध्ये (कितीही मोठी केली तरी रेषा न फुटणाऱ्या चित्रफाइलमध्ये) द्यावा. देवनागरी मजकुराचा टाइप फार लहान ठेवू नका. कोरताना रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे भरून जातात.

सरकारी अधिकाऱ्यांना किंवा मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना भेट स्वीकारण्यावर मर्यादा असू शकते. त्यांच्याकडे नियमांचे पालन पाहणाऱ्या (अनुपालन) विभागाला आधी विचारा. हवे असल्यास आम्ही प्रत्येक नगाचे मूल्य दाखवणारे पत्र देतो.

संख्या ठरवताना साइटवरचे इंजिनिअर, कागदपत्रे सांभाळणारे वकील आणि हिशेब पाहणारे कर्मचारी हमखास यादीतून सुटतात. चार-पाच नग जास्तीचे सांगा. साचा तयार असताना ते सहज निघतात, नंतर एका नगासाठी सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.